विसंबणे : एका जर्मन क्रियापदाच्या निमित्ताने

वाणगाव स्थानकावर सकाळच्या गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या प्रवाशांत गेल्या वर्षभरापासून आमच्या शेजारची एक परिचारिका दिसते. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि डोळ्यांसमोर एक जाड वही. फलाटावर मिरचीच्या गोण्यांची चढउतार चाललेली असते, कॉलेजच्या मुलांचा गलका असतो आणि ही मुलगी ओठांतल्या ओठांत जर्मन क्रियापदांची रूपे घोकत असते. २०१३ साली उपनगरी गाडी डहाणूरोडपर्यंत आली, तेव्हापासून वाणगावची माणसे मुंबईच्या जरा जवळ आली खरी. पण चर्चगेट गाठायला अजूनही अडीच तासांच्या आसपास लागतातच. शनिवार-रविवारचा तेवढा वेळ ती जर्मन भाषेला देते. जर्मनीतील रुग्णालयात रुजू व्हायचे, तर त्या भाषेची ठराविक पातळीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

एके दिवशी ती वही घेऊन आमच्याकडे आली. अनेक वर्षांपूर्वी मुंबईत मी जर्मनचे दोन वर्ग केले होते, ही गोष्ट तिला कुणीतरी सांगितली असावी. म्हणाली, "सर, या एका शब्दाने माझे डोके फिरवले आहे. पुस्तकात एका पानावर त्याचा अर्थ 'सोडणे' दिला आहे, पुढच्या पानावर 'करू देणे' आणि त्याच्या पुढच्या पानावर 'करवून घेणे'. मग नेमके धरायचे काय?"

शब्द होता 'लासेन'. जर्मन भाषेतील अगदी रोजच्या वापरातील क्रियापद.

त्याच संध्याकाळी तिची आई आली. तिला शब्दाशी कर्तव्य नव्हते. "सर, ते शब्दाचे राहू द्या," ती म्हणाली, "तिला जाऊ देऊ का, एवढेच सांगा."

ती निघून गेल्यावर माझ्या ध्यानात आले, की लेकीने ज्या क्रियापदाचा अर्थ विचारला होता, तेच क्रियापद माउलीने एका वाक्यात दोनदा वापरले होते. 'राहू द्या' आणि 'जाऊ देऊ'. जर्मनमध्ये दोन्ही ठिकाणी 'लासेन'च आले असते.

वाचकहो, या शब्दाचे मूळ मोठे वेधक आहे. भाषापंडितांच्या मते त्याच्या मुळाशी 'सैल पडणे, सैल सोडणे' ही कल्पना आहे. इंग्रजीतील 'लेट' हा त्याचा सख्खा भाऊ आणि लॅटिनमधील 'लास्सुस', म्हणजे थकलेला, गळून गेलेला, हा त्याचा दूरचा आप्त. ताणून धरलेला दोर हातातून सैल करावा, ही ती मूळ क्रिया. दोर सैल केला, की पुढे काय होईल ते दोराच्या दुसऱ्या टोकाला काय बांधले आहे, यावर अवलंबून. गाय असेल तर चरायला जाईल, होडी असेल तर प्रवाहाला लागेल आणि विहिरीतली कळशी असेल तर बुडेल. एका शब्दाला इतके परस्परविरोधी अर्थ कसे फुटले, याचे उत्तर या सैल दोरातच सापडते.

जर्मन वाक्याची ठेवण या संदिग्धतेत भर घालते. त्या भाषेत साध्या वाक्यात मुख्य क्रियापद दुसऱ्या स्थानी येते आणि त्याचे सोबती क्रियापद थेट वाक्याच्या शेवटी जाऊन बसते. 'इश लासे दिश' एवढे ऐकले, तर 'मी तुला' आणि ते सैल सोडणे, इतकेच कळते. पुढे 'गेहेन' आले, तर अर्थ 'मी तुला जाऊ देतो'. 'आलाइन' आले, तर 'मी तुला एकटे सोडतो'. 'रूफेन' आले, तर 'मी तुला बोलावून घेतो'. परवानगी, त्याग आणि बोलावणे ही तिन्ही एकाच आरंभातून निघतात; वाक्य संपेपर्यंत ऐकणाऱ्याने धीर धरायचा.

आपली मराठी येथे अधिक चोखंदळ आहे, असे मला वाटते. आपण 'करू देतो', 'करायला लावतो' आणि 'करवून घेतो' यांत स्पष्ट भेद करतो. न्हाव्याकडून केस कापून घेणे, गवंड्याकडून घर बांधवून घेणे आणि मुलाला खेळू देणे या आपल्या लेखी तीन निराळ्या गोष्टी; जर्मन माणूस तिन्ही ठिकाणी 'लासेन' म्हणून मोकळा होतो. मालकाने गड्याला काम करू दिले, की करायला लावले, हे जर्मन वाक्यावरून नेहमीच कळते असे नाही. ते मागच्या-पुढच्या संदर्भावरून ओळखायचे. गड्याच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे!

पण या क्रियापदाचे खरे वैभव त्याला उपसर्ग जोडले की दिसते. 'एंटलासेन' म्हणजे निरोप देऊन मोकळे करणे. रुग्णाला घरी सोडतात ते 'एंटलासेन', कैद्याला सोडतात तेही 'एंटलासेन' आणि नोकराला कामावरून काढतात तेही तेच. आमच्या परिचारिकेला हा शब्द तिथे रोज लिहावा लागेल. पण तिला मी आणखी एक गोष्ट सांगितली. जर्मन मिस्साविधीच्या अखेरीस धर्मगुरू भाविकांना निरोप देतात, त्या विधीचे नावही याच शब्दापासून झाले आहे: 'एंटलासुंग'. आणि आपण ज्याला 'मिस्सा' म्हणतो तो शब्द तरी कुठून आला? लॅटिन मिस्साच्या शेवटी दिल्या जाणाऱ्या निरोपाच्या वाक्यातूनच. साऱ्या उपासनेला तिच्या शेवटच्या निरोपाचे नाव मिळाले. दर रविवारी आपण 'मिस्साला जातो' म्हणतो, तेव्हा शब्दशः आपण पाठवणीला जात असतो, हे कितीजणांच्या ध्यानी येत असेल?

'एरलासेन' म्हणजे ऋण किंवा शिक्षा माफ करणे. 'आप्लास' म्हणजे पापाच्या दंडातून मिळणारी सूट. १५१७ साली मार्टिन लूथरने ज्या प्रश्नावर वाद उभा केला आणि ज्यातून पुढे पश्चिम युरोपातील ख्रिस्तसभा दुभंगली, तो प्रश्न या 'आप्लास'चाच होता. आपल्या मराठीतील 'सूट' हा शब्दही सुटणे-सोडणे याच कुळातला, हे विशेष. 'त्सूलासेन' म्हणजे होऊ देणे, मुभा देणे. देव वाईट घडवीत नाही, पण घडू देतो, या अवघड विषयावर जर्मन धर्मपंडितांना लिहावे लागते तेव्हा हाच शब्द त्यांच्या हाताशी असतो. आणि त्याच शब्दाने तिथे मोटारीची नोंदणी होते व विद्यापीठात प्रवेशही मिळतो. 'नाखलास' म्हणजे दुकानदाराने किमतीत दिलेली सवलत आणि मृत माणसाने मागे ठेवलेली मालमत्ता, दोन्ही. (हा शब्द ऐकला की आपल्याला 'खलास' आठवते. दोहोंचे काही नाते नाही. 'खलास' अरबीतून आला. पण योगायोग गमतीचा आहे.)

आता मुख्य शब्दाकडे येतो. तो आहे 'फेरलासेन'. त्याचा अर्थ सोडून जाणे, टाकणे, वाऱ्यावर सोडणे. क्रुसावरून ख्रिस्ताने बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा जो आक्रोश केला, तेथे जर्मन बायबलमध्ये हे क्रियापद आहे. आपल्या मराठी शास्त्रात तेथे 'त्याग' हा शब्द येतो. पण याच 'फेरलासेन'ला 'स्वतःला' हा शब्द जोडला आणि पुढे 'च्यावर' हे अव्यय लावले, की अर्थ पार उलटतो. 'झिश फेरलासेन' म्हणजे विश्वास ठेवणे, भरवसा टाकणे. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात परमेश्वरावर मनःपूर्वक भाव ठेवण्याचा जो उपदेश आहे, तो लूथरच्या भाषांतरात याच क्रियापदाने केला आहे. म्हणजे ज्या शब्दाने पुत्र पित्याला विचारतो, की तू मला का टाकलेस, त्याच शब्दाने भक्ताला सांगितले जाते, की त्याच्यावर स्वतःला टाक.

आमची परिचारिका येथे थबकली. "एकाच शब्दाचे हे दोन अर्थ? असे कुठल्या भाषेत असते का, सर?"

असते. तिच्या आईच्या भाषेत असते. आपण म्हणतो, 'आई तान्ह्या लेकराला क्षणभरही विसंबत नाही'. येथे 'विसंबणे' म्हणजे सोडून दूर होणे, दृष्टीआड करणे. आणि आपणच म्हणतो, 'मी तुझ्यावर विसंबून आहे'. येथे 'विसंबणे' म्हणजे पूर्ण भिस्त ठेवणे. शब्द एकच. जुन्या मराठीत विसरणे, मागे टाकणे हा अर्थ ठळक होता. आज विश्वासाचा अर्थ पुढे आला आहे. पण दोन्ही जिवंत आहेत. 'टाकणे'चे तसेच. नवऱ्याने टाकलेली बाई गावात कशी दिवस काढते, हे आपण पाहिले आहे. आणि तीच बाई 'देवावर भार टाकला आहे' असे सांगते, तेही ऐकले आहे. माझ्या मते याचे कारण मूळ क्रियेतच आहे. दुसऱ्यावर विसंबायचे, तर माणसाला आधी स्वतःवरची पकड सैल करावी लागते. मोकळे होणे आणि सोपवणे या दोन्हींत हात उघडावा लागतो.

वाचक विचारतील, हे सारे ठीक. पण आपल्या प्रदेशाचा आणि जर्मन भाषेचा संबंध काय? संबंध आहे आणि तो साठ वर्षांचा आहे. तो इतिहास आज थोडासा विस्मरणात गेला आहे, म्हणून येथे सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या प्रेषितीय प्रांताची धुरा स्विस कॅपुचिन बिशप अनास्तासियुस हार्टमान यांच्याकडे होती. मनुष्यबळ अपुरे होते. पाद्रोआदो आणि प्रोपागांडा या दोन अधिकारांतील तंट्याने धर्मग्रामे पोखरली होती. १८५४ साली या प्रांताचे दोन भाग झाले व पुण्याचा भाग येशूसंघाकडे आला. १८५८ साली मुंबईही आली. कारभार प्रामुख्याने जर्मन प्रांताच्या येशूसंघीयांकडे होता. त्यांत जर्मनांबरोबर स्विसही होते. लिओ मॉयरिन, थेओडोर डालहोफ, हेर्मान युर्गेन्स ही मुंबईच्या बिशप-आर्चबिशपांची नावे त्याच काळातील. १८६७ साली पुण्याची सेंट व्हिन्सेंट शाळा निघाली, १८६९ साली मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज. महाराष्ट्रातील सर्व धर्मांच्या किती पिढ्या या संस्थांतून शिकून बाहेर पडल्या, त्याची गणती करणे कठीण.

आपल्या वसई-डहाणू पट्ट्यात मात्र या जर्मन फादरांचा फारसा वावर नव्हता. इथली धर्मग्रामे पाद्रोआदोच्या, म्हणजे पोर्तुगीज राजसत्तेच्या धर्मविषयक अधिकाराच्या छत्राखाली होती. १८८६ साली दमण धर्मप्रांत झाला आणि १९२८ साली तो बरखास्त होऊन हा मुलूख मुंबईला जोडला गेला. वसई धर्मप्रांत तर १९९८ चा. म्हणून आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात पोर्तुगीज शब्द सापडतात, जर्मन सापडत नाहीत.

मराठी बोलणाऱ्या गोरगरिबांत जर्मन फादर मिसळले ते अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला होता. त्या सुमारास फादर ओटो वाइसहाउप्ट यांनी राहुरी तालुक्यातील केंदळ येथे मिशनकार्याचा पाया घातला. पुढे वळण, संगमनेर असा त्याचा विस्तार झाला. गावकुसाबाहेर ठेवलेल्या, दुष्काळाने मोडलेल्या, ज्यांना कोणी वाली नाही अशा माणसांत हे काम उभे राहिले. ऱ्हाइन नदीच्या काठची माणसे प्रवरा आणि मुळेच्या काठी येऊन मराठी शिकली. जर्मनीत १८७३ पासून 'दी काथोलिशेन मिसिओनेन' नावाचे मिशनविषयक नियतकालिक निघत असे. दूरदेशीच्या मिशनांची हकीकत त्यातून तिकडच्या कॅथलिक कुटुंबांपर्यंत पोचे.

परंतु हे फादर मुंबईत शाळा-कॉलेजे उभारीत असताना खुद्द जर्मनीत त्यांची काय अवस्था होती? ४ जुलै १८७२ रोजी बिस्मार्कच्या राजवटीत येशूसंघाविरुद्ध कायदा झाला. संघाची जर्मनीतील घरे बंद झाली. जर्मन प्रांताची विद्यालये हॉलंड आणि इंग्लंडमध्ये हलवावी लागली. त्यांतील हॉलंडमधील वाल्केनबुर्ख येथील विद्यालय पुढे नावारूपाला आले. म्हणजे १८७२ नंतर जो जर्मन तरुण येशूसंघात जाऊन मुंबईला येई, तो आधीच स्वदेशात परका झालेला असे. त्याने घर सोडले होते आणि देशाने त्याला टाकले होते. व्याकरणाच्या पुस्तकात 'फेरलासेन'चे जे दोन प्रयोग, कर्तरी आणि कर्मणी, दिलेले असतात, ते दोन्ही त्याच्या एकाच आयुष्यात घडून गेले होते.

मग १९१४ चा ऑगस्ट उजाडला. इंग्लंड आणि जर्मनी यांच्यात महायुद्ध पेटले आणि ज्यांना जर्मनीने जर्मन म्हणून थारा दिला नव्हता, त्यांना इंग्रज सरकारने जर्मन म्हणून शत्रू ठरवले. देशभरातील जर्मनांसाठी स्थानबद्धतेची मोठी छावणी कुठे उभारली जावी? अहमदनगरला! जिथे वाइसहाउप्ट यांच्या मागोमाग जर्मन फादर खेडोपाडी हिंडले होते, त्याच जिल्ह्याच्या ठाण्याला काटेरी तारांच्या आत जर्मन माणसे ठेवली गेली आणि त्यांत येशूसंघीयही होते. १९१५ च्या अखेरीस आणि १९१६ च्या पूर्वार्धात 'गोलकोंडा' नावाच्या बोटीने भारतातील अनेक जर्मन मिशनरी, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही, युरोपला रवाना करण्यात आले. मुंबई मिशनचे जर्मन फादरही त्याच पाठवणीत गेले. 'पाठवणी' हा आपल्याकडे लग्नघरातला शब्द. पण जिच्या पाठी घर उभे आहे अशा लेकीची ती पाठवणी असते. यांच्या पाठी घर नव्हते. ते जर्मनीत पोचले, तेव्हा १८७२ चा कायदा तसाच होता. तो पूर्णपणे उठला १९१७ च्या एप्रिलमध्ये.

आर्चबिशप युर्गेन्स १९१६ साली निवर्तले. त्यानंतर १९१९ च्या डिसेंबरात इंग्रज येशूसंघीय अल्बन गुडियर यांची नेमणूक होईपर्यंत मुंबईचे आर्चबिशपपद तीन वर्षे रिकामे होते. शाळा, वसतिगृहे, धर्मग्रामे कोणाच्या हाती सोपवायची, हा प्रश्न त्या वर्षांत किती बिकट झाला असेल! जे स्विस होते त्यांना राहू दिले. देशी धर्मगुरूंवर आणि इतर राष्ट्रांच्या येशूसंघीयांवर भार पडला. पुढे मुंबई मिशन स्पेनमधील आरागॉन प्रांताच्या येशूसंघीयांनी स्वीकारले. प्रसिद्ध इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास १९२२ साली मुंबईत आले ते याच ओघात. पुण्याची जबाबदारी स्विस येशूसंघीयांनी उचलली.

या साऱ्या कहाणीत मला सर्वांत विलक्षण वाटते ते पुण्याचे बिशप हाइनरिख ड्योरिंग यांचे जीवन. १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. युद्धाने त्यांना आपल्या धर्मप्रांतापासून तोडले. युद्ध संपले, तरी ते परतू शकले नाहीत. १९२१ साली त्यांना जपानमधील हिरोशिमा येथील मिशनची जबाबदारी देण्यात आली. एखादा माणूस म्हणाला असता, आता पुणे संपले. परंतु १९२७ साली ते पुन्हा पुण्याचे बिशप म्हणून परत आले, आर्चबिशप ही वैयक्तिक पदवी घेऊन, आणि १९४८ पर्यंत त्या पदावर राहिले. म्हणजे देश स्वतंत्र झाला तेव्हाही ते पुण्यातच होते. दरम्यान १९४५ साली, ज्या हिरोशिमाला त्यांनी काही वर्षे दिली होती, ते अणुबाँबने भस्मसात झाले. कोणत्या गावी राहायचे आणि कोणते सोडायचे, हे त्यांच्या आयुष्यात त्यांनी कितीदा ठरवले आणि कितीदा इतरांनी, याचा हिशेब मांडू लागलो की 'जाऊ देणे', 'जायला लावणे' आणि 'बोलावून घेणे' या तिन्हींसाठी जर्मन भाषेने एकच शब्द का ठेवला असावा, ते थोडे उमगते.

चौदाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीत माइस्टर एकहार्ट नावाचे डोमिनिकन धर्मगुरू होऊन गेले. ते लॅटिनमध्ये लिहीत, तसेच सामान्य भाविकांसाठी लोकभाषेतही प्रवचने करीत. 'लासेन'च्या भूतकृदंतापासून बनलेल्या 'गेलासेन' या शब्दाला त्यांनी आध्यात्मिक उंची दिली. ज्याने स्वतःला सोडले तो 'गेलासेन'. त्याची अवस्था ती 'गेलासेनहाइट'. आज जर्मनीत 'गेलासेन' म्हणजे केवळ शांत, न चिडणारा, गाडी उशिरा आली तरी न वैतागणारा माणूस. शब्दांचेही नाणी झिजावीत तसे होते. (अर्थात गाडी उशिरा आली तरी न वैतागणे ही आमच्या डहाणू लोकलच्या प्रवाशांना लहान साधना वाटणार नाही.) येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात आरोग्य वा आजार, दीर्घायुष्य वा अल्पायुष्य यांपैकी कशाचाही हट्ट न धरणारी जी वृत्ती सांगितली आहे, ती याच कुळातील. गोलकोंडा बोटीवर चढलेल्या फादरांनी ही साधना वर्षानुवर्षे केली होती. ती त्या दिवशी किती उपयोगी पडली, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

आपल्या रोजच्या प्रार्थनेतही हे क्रियापद दडले आहे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत मोहाविषयीची जी विनंती आहे, ती मराठी कॅथलिक 'पडू न देण्या'ची विनंती म्हणून करतात. जर्मन प्रार्थनेत तेथे 'नेऊ नकोस' या अर्थाचे क्रियापद आहे. देव आपल्या लेकरांना मोहात नेईल कसा, असा प्रश्न दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१७ मध्ये एका इटालियन मुलाखतीत उपस्थित केला आणि 'पडू देऊ नकोस' अशा अर्थाचे भाषांतर अधिक योग्य, असे मत मांडले. इटलीच्या बिशपांनी शब्द बदलले. त्यांनी योजलेल्या नव्या क्रियापदाचा अर्थ 'मोहाच्या हाती टाकून देऊ नकोस' असा आहे. जर्मन बिशपांनी मात्र विचारान्ती जुनाच पाठ कायम ठेवला. युरोपात ज्यावर एवढा खल झाला, ते आपल्या घरी संध्याकाळच्या रोझरीला बसलेले शाळकरी मूल आधीपासूनच म्हणत आले आहे!

आमच्या परिचारिकेकडे परत येतो. ती एकटी नाही. केरळच्या कॅथलिक मुली १९६० च्या दशकापासून ख्रिस्तसभेच्या संस्थांमार्फत जर्मन रुग्णालयांत जाऊ लागल्या होत्या. आता २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि आपल्याकडेही जर्मनचे वर्ग वाढले. शंभर वर्षांपूर्वी जर्मन माणसे इथल्या आजाऱ्यांची, अनाथांची, अशिक्षितांची सेवा करायला येत होती. आता त्यांच्या देशातील म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला आपल्या मुली निघाल्या आहेत. कुणी याला देवाची योजना म्हणेल, कुणी पैशाची ओढ. मला दोन्हींत तथ्य दिसते आणि त्यात कमीपणा वाटत नाही. फरक एवढाच, की ते फादर परत जायचे नाही असे ठरवून आले होते, आणि ही मुलगी पाच वर्षांनी येते म्हणून सांगून जाणार आहे.

तिच्या आईला मी काय उत्तर द्यावे? तिचा नवरा नाही. धाकटा मुलगा शिकतो आहे. 'जाऊ दे' म्हणणे मला सोपे. घरी परतल्यावर रिकामी खाट तिला दिसणार, मला नाही. मी तिला गोलकोंडाची गोष्ट सांगितली नाही. विसंबण्याचे दोन अर्थ मात्र सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "लहानपणी हिला एक घटकाही विसंबले नाही, सर. आता हिच्यावरच विसंबायचे आहे. शब्द तोच, पण जीव थाऱ्यावर राहत नाही."

मुलगी गेल्या महिन्यात परीक्षा उत्तीर्ण झाली. कागदपत्रे सुरू आहेत. परवा तिची आई पुन्हा आली. स्थानकावर निरोप देताना लेकीला तिच्याच नव्या भाषेत एक वाक्य म्हणावे, अशी तिची इच्छा होती. लेकीला न सांगता शिकायचे होते. जर्मन माणसे निरोप घेताना आपल्या जिवलगाला एक वाक्य म्हणतात, त्यातही 'लासेन' आहे. शब्दशः अर्थ 'तुझ्याविषयी ऐकू येऊ दे', म्हणजे खुशाली कळवीत जा. ते मी तिला कॅलेंडरच्या जुन्या पानामागे देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून दिले: 'लास फोन दिअर ह्योरेन'. तिने बोट ठेवीत दोनदा वाचले. तिसऱ्यांदा 'फोन'पाशी थांबली आणि तिचा चेहरा खुलला.

"म्हणजे फोन कर, असेच ना?"

जर्मनमधील तो 'फोन' म्हणजे आपला 'विषयी', दूरध्वनी नव्हे. पण मी म्हटले, "हो बाई, तसेच."